"पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

जेवणाच्या सुट्टीनंतर आमच्या तालुका कोर्टात रिमांडची कामं पुकारली जातात. मागच्या बाकावर दोन शिपायांच्या मध्ये आरोपी बसलेला असतो. ओळखपरेड बाकी असेल तर चेहरा झाकलेला. नाव पुकारलं की त्याला पुढे उभं करतात. तपासी अंमलदार रिमांड रिपोर्ट देतात आणि जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

तो मागच्या हवालदाराकडे बघतो. मान हलवतो. "तक्रार नाही" अशी नोंद होते. विधी सेवेच्या पॅनेलवर काम करताना हे 'नाही' मी सतत ऐकते आणि त्याला फारशी किंमत देत नाही, कारण कोठडी मिळाली तर त्याला त्याच जीपमधून परत जायचं असतं. मी वैद्यकीय तपासणीचा कागद वाचते. तो चालताना पाय ओढतो का, तेही बघते. मग अटकेची वेळ: प्रवास सोडून 24 तासांत हजर केलंय का? अटकेची कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिलीत का? मराठीचं अक्षरही न येणाऱ्या बिहारी मजुराची मराठी कागदावर सही असेल, तर ती पोहोच झाली; कारणं कळवली असं होत नाही.

यानंतर पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी), हा प्रश्न. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांचीच, पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. मला हा बदल आरोपीवर अन्याय करणारा वाटतो. दोषारोपपत्र गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत आलं नाही, तर जामीन हा हक्कच असतो. मात्र अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी करावा लागतो. मकोका (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) लागला की हीच मुदत 180 दिवसांपर्यंत वाढू शकते. एरवी पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. मकोकात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नियमानुसार नोंदवलेला चालतो.

जीव सगळ्यात जास्त तुटतो तो मात्र किरकोळ कलमांत. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 122 घ्या. सूर्यास्तानंतर संशयास्पद सापडलेल्या माणसाला तिथे असण्याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, की त्यातली काही पोटकलमं लावली जातात. रात्रपाळीहून परतणारं पोरगं बंद दुकानापाशी सापडतं. व्हरांड्यात कुणीतरी त्याला सांगतं, "कबूल कर, दंड भर, आज घरी जा." रोजंदारी बुडत असते, म्हणून तो कबूल करतो. ही शिक्षाच असते, आणि पुढे नोकरीच्या पोलीस पडताळणीत ती आडवी येते. त्याचा खुलासा खरं तर तयार होता: कंपनीतली पंचिंगची नोंद, सोबतच्या कामगाराचा जबाब. तो मांडायला माणूस नव्हता.

अटकेतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. घरातल्या कुणाला पोलिसांनी नेलं, तर 15100 वर फोन करा आणि पुकारा होण्याआधी कोर्टात पोहोचा. वकिलाशी बोलल्याशिवाय त्याला काहीही कबूल करू देऊ नका.