'हाय रिस्क' म्हणजे नक्की काय?

डबल मार्कर ही काही पास-नापासची परीक्षा नाही. साधारण ११ ते १३ आठवड्यांत आईच्या रक्तातले पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी मोजायचे, त्यात तिचं वय आणि एनटी स्कॅनमध्ये दिसलेली बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मिळवायची आणि डाउन सिंड्रोमची शक्यता काढायची. शक्यता, निदान नव्हे!

माझ्या मैत्रिणीच्या रिपोर्टवर मात्र लाल अक्षरांत 'हाय रिस्क' होतं. आकडा १:१८०. तिनं तो मीटिंगमध्येच मोबाइलवर उघडला आणि थेट वॉशरूम गाठली. अगं, पण गणित तर कर! असा आकडा आलेल्या १८० जणींपैकी साधारण १७९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. हे तिला लॅबमध्ये कुणी सांगितलंच नाही.

पुढचा पर्याय एनआयपीटी. यात आईच्या रक्तातले गर्भाकडून आलेले डीएनएचे तुकडे तपासतात. जास्त अचूक, बरीच महाग, पण तीही स्क्रीनिंगच. पक्कं उत्तर हवं तर अ‍ॅम्निओसेंटेसिस, म्हणजे १५ आठवड्यांनंतर पोटातून सुई घालून गर्भजल काढणं. गर्भपाताचा धोका थोडा, पण असतोच. (मुलगा की मुलगी, हे मात्र सासूबाईंनी कितीही गोड विचारलं तरी कुणी सांगायचं नाही. १९९४ चा कायदा आहे.)

जेनेटिक काउन्सेलरनं दोघांना एकच विचारलं, ''पॉझिटिव्ह आलं तर काय करणार?'' दोघांची उत्तरं वेगळी निघाली. त्या रात्री ते पहिल्यांदाच त्यावर नीट बोलले, पहाटेपर्यंत. अ‍ॅम्निओ सोमवारी आहे.