लिलावातल्या बाहुल्या

इंटरनेटवरच्या लिलावात बाहुल्या शोधायच्या तर आधी स्पेलिंग चुकवायला शिकावं लागतं. माल ओळखणारा विक्रेता नाव बरोबर लिहितो आणि त्या बाहुलीवर गिऱ्हाइकांची झुंबड उडते. ज्याला घर आवरताना माळ्यावर पेटी सापडली, तो ‘जुनी लाकडी बाहुली, दोरीसकट’ एवढंच लिहून मोकळा होतो. वाशीममध्ये बसून, बेताच्या पैशात हा नाद करणाऱ्याची सगळी भिस्त अशा निनावी जाहिरातींवर.

आमच्याकडे लिलाव म्हणजे हर्रास. कारंज्याच्या बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगात हात घालता येतो, दाणा दाताखाली धरून ओल बघता येते, मग भाव बोलायचा. बाहुलीच्या हर्रासात हाताशी असतात फक्त फोटो. म्हणून मी बोली लावण्याआधी विक्रेत्याकडून तीन फोटो हमखास मागतो: मानेचा सांधा, हाताचे तळवे आणि पाठीमागची बाजू. चेहरा कुणीही रंगवून घेतं, पण मानेच्या खाचेत जुना रंग तसाच राहतो. २०१८ मध्ये ‘ईबे’चं भारतातलं दुकान बंद झाल्यापासून बाहेरून काही मागवायचं म्हणजे टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब मांडावा लागतो. पुष्कळदा बाहुलीपेक्षा तिचा प्रवास महाग पडतो.

परदेशी माल उदंड आहे, कारण तिकडे खेळातलं पात्र गाजलं की त्याच्यामागे कारखाना उभा राहिला. शब्दभ्रमकार एडगर बर्गनचा एका डोळ्याला चष्मा लावणारा, उंच टोपीतला बाहुला चार्ली मॅकार्थी १९३७ पासून अमेरिकन रेडिओवर घरोघरी पोचला आणि त्याच्या नावाचे चमचे, खेळण्यातल्या मोटारी, लहान मुलांसाठी बोलक्या बाहुल्या निघाल्या. इंग्लंडमध्ये मार्लबरो गावी बॉब पेलम यांनी १९४७ मध्ये दोरीच्या बाहुल्यांचा कारखाना काढला, तो १९९३ पर्यंत चालला. पेलमची बाहुली खोक्यासकट मिळाली तर भाव चढतो. सुरुवातीची खोकी तपकिरी, नंतरची पिवळी, त्यामुळे खोक्यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. केंटकी राज्यातलं फोर्ट मिचेलचं व्हेंट हेवन संग्रहालय तर केवळ शब्दभ्रमकारांच्या बाहुल्यांसाठी आहे.

आता आपल्याकडचे बोलके बाहुले शोधा. अर्धवटराव विकत मिळत नाही. य. के. पाध्ये यांनी त्याला बोलतं केलं, त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी त्याचा संसार पुढे चालवला, आणि आवडाबाईसह ही मंडळी पाध्यांच्या घरातच राहिली. रामदासजी शिक्षणाने इंजिनिअर. डोळे, भुवया, जबडा हलवणारी यंत्रणा ते स्वतः घडवतात. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा त्यांचाच. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी एकोणिसाव्या शतकात केलेल्या लाकडी बाहुल्यांची डागडुजी करून त्यांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. या बाहुल्या अजून कामावर आहेत. कामावरची बाहुली लिलावात येत नाही, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

लिलावात येतो तो त्यांचा कागद. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा चित्रपट १९९३ मध्ये आला. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याच्या हातातला तात्या विंचू हा खुनशी बाहुला पाध्यांनी घडवलेला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. आमच्या पिढीला तात्या विंचूने जेवढं घाबरवलं तेवढं कुठल्या भुताने घाबरवलं नसेल. त्याची पोस्टरं आणि व्हीसीडीची वेष्टनं विकायला येतात, आणि नकली मालही त्यातच फार. ओळखायची खूण साधी आहे. त्या काळी पोस्टर घड्या घालून थिएटरला रवाना व्हायचं, म्हणून जुन्या कागदावर घडीची रेघ बोटाला लागते, तिथला रंग उडालेला असतो. नकली पोस्टरवर घडीची रेघ दिसते खरी, पण ती छापलेली असते. जुन्या पोस्टरचा फोटो काढून नव्या गुळगुळीत कागदावर उतरवलेला. कागद उजेडात तिरपा धरला की लबाडी उघडी पडते. समोरून काढलेल्या फोटोत ते कळत नाही, म्हणून तिरप्या उजेडातला फोटो मागायचा. विक्रेता टाळाटाळ करू लागला की तिथून काढता पाय घ्यावा.

हे सगळं हौसेचं झालं. मला खरी काळजी आहे ती चित्रकथीच्या पानांची. परदेशी लिलावगृहांच्या यादीत ‘पैठण चित्र’ या नावाखाली एखादा कागद दिसतो: टपोऱ्या डोळ्यांचे, बाजूने रेखलेले योद्धे, लाल-पिवळे रंग. ते सुटं चित्र नव्हे. रामायण-महाभारतातल्या एखाद्या आख्यानाची पोथी असते. पानं पाठीला पाठ चिकटवलेली, चित्रकथी एकेक पान उभं धरून गाऊन गोष्ट सांगणार. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर ही पोथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या असे तिन्ही खेळ करत आले. पोथी फोडून पानागणिक विकली की प्रत्येक पानाचे चार पैसे जास्त येतात आणि आख्यान कायमचं तुटतं. रावणाचं पान एका देशात, सीतेचं दुसऱ्या. दोरी तुटलेली बाहुली दुरुस्त होते, फोडलेली पोथी पुन्हा जुळत नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणून अशा पानापुढे बोलीचा आकडा टाकण्याआधी ते भारताबाहेर कधी आणि कसं गेलं, हे विचारायला हवं.

संग्रह कसा करावा हे पुण्यात बघायला मिळतं. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावे उभारलेल्या संग्रहालयात दिवे-अडकित्त्यांच्या जोडीला पैठण शैलीची चित्रं आणि बाहुल्याही जपल्या, आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह शासनाच्या हवाली केला. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या पोथ्या आणि बाहुल्या विकायला न काढता २००६ मध्ये ठाकर आदिवासी कलाआंगण हे संग्रहालय थाटलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे जाऊन बाहुल्या पाहता येतात आणि आजच्या हातांनी काढलेलं नवं चित्र विकतही घेता येतं. ते कायदेशीर असतं, आणि त्याचे पैसे थेट काढणाऱ्याच्या हातात जातात.

सुटं पान विक्रीला दिसलं की मी बोली लावत नाही. फोटो उतरवून ठेवतो. त्यात कोण पात्र, कुठल्या बाजूला तोंड, कोपऱ्यात अंक किंवा मोडीची ओळ आहे का, कडा कुठल्या रंगाची, विक्री कुठल्या तारखेला, हे वहीत नोंदवतो. त्याच कडेचं, त्याच हाताचं दुसरं पान दुसऱ्या यादीत निघालं तर दोन्ही फोटो शेजारी चिकटवतो. कागदावर का होईना, त्या पोथीची पानं एका जागी येतात.