नियम स्वतःचा, स्वयंपाकघर सगळ्यांचे

डिसेंबरच्या सुरुवातीला ठाणे-कल्याण पट्ट्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मशीद बंदरच्या घाऊक बाजारातून साडेपाचला निघालेला माणूस तेव्हा फार तर घाटकोपर-मुलुंडच्या दरम्यान गाडीत उभा असतो. विठ्ठलवाडीला उतरेपर्यंत पावणेसात-सात होतात. त्याने चौविहाराचा नियम धरला असेल, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाण्याचा घोटही नाही, तर त्याचा दिवस गाडीतच संपलेला असतो. शहर असे नियम खाऊन टाकते, हा आपला सर्वसाधारण समज. आकडे मात्र वेगळे बोलतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या साडेचव्वेचाळीस लाख जैनांपैकी १४ लाख महाराष्ट्रात होते, म्हणजे इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आणि देशभरातल्या जैनांपैकी सुमारे ८० टक्के नागरी भागात राहत होते. दोन हजारांहून अधिक वर्षे इतकी कडक आहारशिस्त सांगणारा धर्म शहराच्या गर्दीत विरून गेला नाही, तो का, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, जैन धर्म इथे टिकला तो देरासरांच्या, म्हणजे जैन मंदिरांच्या, संगमरवरामुळे कमी आणि व्रताच्या रचनेमुळे जास्त. हे व्रत माणूस स्वतःपुरते घेतो, मुदतीचे घेतो आणि ते पाळायला शेजारपाजार मदत करतो. त्यातला ‘स्वतःपुरते’ हा भाग ज्या दिवशी सुटेल, त्या दिवशी हे बळही जाईल.

पच्चक्खाण म्हणजे प्रत्याख्यान, त्यागाचा उच्चारलेला निश्चय. तो घेण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. सकाळी उपाश्रयात, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागी, माणूस हात जोडून उभा राहतो. साधू प्राकृतात नियमाचे सूत्र म्हणतात आणि त्यात ‘पच्चक्खाइ’ असे येते, म्हणजे ‘तो त्याग करतो’. हे क्रियापद तृतीय पुरुषी आहे. त्या जागी नियम घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने ‘पच्चक्खामि’, ‘मी त्याग करतो’, असे म्हणायचे असते. शेवटी साधू ‘वोसिरइ’, ‘तो सोडून देतो’, म्हणतात आणि घेणारा ‘वोसिरामि’ म्हणतो. गुरू कितीही मोठा असो, प्रथम पुरुषातले ते एक क्रियापद तो दुसऱ्याच्या वतीने उच्चारू शकत नाही. सूत्रात ‘आगार’ म्हणजे सवलतीही आधीच सांगून ठेवलेल्या असतात: विसरून तोंडात काही गेले, अचानक काही घडले, प्रकृतीचा प्रश्न आला, तर व्रत मोडत नाही. मुदतही ठरलेली असते. नवकारशी हे सकाळचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी सुटते. ‘मुट्ठिसहियं’ नावाचे एक पच्चक्खाण तर मुठीएवढे आहे. मूठ वळून नवकार मंत्र म्हटल्याखेरीज तोंडात काही घालायचे नाही. खाऊन झाले की पुन्हा त्याग सुरू. लोकलच्या दांड्याला एका हाताने लोंबकळणाऱ्या माणसालाही ते पाळता येते. ज्या परंपरेने व्रताचे इतके बारीक, सुटसुटीत तुकडे करून ठेवले, तिला वेळापत्रकावर चालणारे शहर परके वाटण्याचे कारण नव्हते.

आता ठाण्याकडे येऊ. टेंभी नाक्यावरचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते. या गावाचे नाव जैन घराघरांत पोहोचले ते श्रीपाल आणि मयणासुंदरीच्या कथेमुळे. कुष्ठरोगाने ग्रासलेला राजपुत्र श्रीपाल, पत्नी मयणाच्या साथीने नवपदाची म्हणजे सिद्धचक्राची आराधना आणि आयंबिल हे एकवेळच्या फिक्या जेवणाचे व्रत करून बरा होतो. पुढे धवल शेठ त्याला समुद्रात ढकलतो, तेव्हा तो मगरीच्या पाठीवरून कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्याला लागतो. चौदाव्या शतकात रत्नशेखरसूरींनी ही कथा प्राकृतात लिहिली. सतराव्या शतकाच्या अखेरीस विनयविजय यांनी रांदेरला तिचा गुजराती रास रचायला घेतला आणि त्यांच्या निधनानंतर तो यशोविजय यांनी पुरा केला. श्रीपाल ऐतिहासिक पुरुष होता का, यावर वाद घालण्यात मला रस नाही. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी असलेले हे बंदर व्यापारी जैनांच्या कल्पनेत इतके ठसले होते की, त्यांनी आपल्या सर्वांत लोकप्रिय कथेचा नायक इथे किनाऱ्याला लावला, ही गोष्ट मला पुरेशी बोलकी वाटते.

त्या कथेतले आयंबिल आजच्या उपनगरात जिवंत आहे. चैत्र आणि आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवसांची ओळी असते. दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचे. ताटात उकडलेला भात, मुगाची किंवा उडदाची फिकी डाळ, कोरडी रोटी, भाजलेले चणे. तूप, तेल, दूध, दही, साखर, गूळ, हिरवी भाजी, फळ यांतले काहीही नाही. पाणी उकळलेले. असा स्वयंपाक घरी करायचा तर घरातल्या बाईला दोन वेगळ्या चुली सांभाळाव्या लागतात आणि ती नोकरी करत असेल तर ते जवळपास अशक्यच. म्हणून देरासराच्या किंवा उपाश्रयाच्या आवारात आयंबिल खाते चालते. दात्याच्या पैशातून तिथे सामुदायिक रसोई होते आणि आराधक येऊन पंगतीला बसतो. व्रत ज्याचे त्याचे, भांडी मात्र सगळ्यांची. शहरी जैन जीवनाचे खरे केंद्र मला या फिक्या भाताच्या पातेल्यात दिसते. देरासर बांधायला मोठी देणगी लागते, ती एकदा मिळते आणि पाटीवर कोरली जाते. पातेले दरवर्षी, दररोज चढवावे लागते आणि त्यासाठी माणसे लागतात. या पट्ट्यात कच्छ, हालार, सौराष्ट्र, मारवाड अशा वेगवेगळ्या मुलखांतून आलेली घराणी आहेत. त्यांच्या बोली, जाती आणि गच्छ म्हणजे साधुपरंपरा वेगळ्या. पण पंगत त्यांना शेजारी बसवते. याच पट्ट्यात नोकरीसाठी सांगली-कोल्हापूरकडून आलेले दिगंबर जैन मराठीच बोलतात, भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दशलक्षण पर्व पाळतात, आणि ‘जैन म्हणजे गुजराती व्यापारी’ हा मुंबईकडचा समज त्यांच्या अस्तित्वानेच खोटा ठरतो. ‘रयत’चे कर्मवीर भाऊराव पाटील जैन होते, हेही आपण सहज विसरतो.

पंगतीखेरीज दुसरा आधार पायांचा आहे. १८५३ साली रेल्वे ठाण्याला आली, १८५४ साली कल्याणला. गृहस्थ गाडीत बसला, साधू-साध्वी मात्र आजही अनवाणी चालतात. ठाण्याहून कल्याणला जायचे तर मधे मुक्कामाची जागा हवी, सूर्यास्तापूर्वी तिथे पोहोचायला हवे, गोचरीसाठी, म्हणजे भिक्षेसाठी, घरे हवीत. म्हणून महामार्गांच्या कडेला विहारधामे उभी राहिली आणि वस्ती वाढली तसा उपाश्रय चालत जाण्याच्या अंतरावर आला. जैन कुटुंबे एकमेकांजवळ घर घेतात त्यामागे हेही एक कारण आहे. विठ्ठलवाडीच्या एका अंगाला कल्याण पूर्वेच्या चाळी आणि इमारती, दुसऱ्या अंगाला १९४९ मध्ये नामकरण झालेले निर्वासितांचे उल्हासनगर, स्थानकाला नाव विठ्ठलाचे. इतक्या सरमिसळीत एखादे कुटुंब साध्वींना गोचरी वाढू शकते ते या चालण्याच्या भूगोलामुळे.

इथे पहिला आक्षेप येतो. हे जवळ राहणे म्हणजेच दुसऱ्याला बाहेर ठेवणे नव्हे काय? मांसाहारी कुटुंबाला घर नाकारणाऱ्या सोसायट्या या महानगरात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. उपाश्रयाजवळ राहण्याची गरज मी समजू शकतो. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरावर अट घालण्याला मात्र पच्चक्खाणाच्या सूत्रात आधार सापडत नाही. त्यावर कोणी म्हणेल, अहिंसा ही खाजगी आवड नव्हे. हिंसा थांबवणे हेच तिचे काम. इतिहासही पुढे केला जाईल. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांच्या प्रभावाखाली गुजरातच्या कुमारपाल राजाने ‘अमारी’ म्हणजे प्राणिहत्याबंदी पुकारली. १५८३ मध्ये हीरविजयसूरी अकबराला भेटले आणि पर्युषणात, म्हणजे जैनांच्या पावसाळ्यातल्या उपवास-क्षमापनेच्या पर्वात, कत्तल बंद ठेवण्याची फर्माने निघाली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतले पर्युषणातले नऊ दिवसांचे कत्तलखानाबंदीचे ठराव वैध ठरवले. हा आक्षेप वजनदार आहे, त्याला ओझरते उत्तर देऊन भागणार नाही.

पहिले उत्तर शास्त्रातलेच आहे. साधू हिंसेचा त्याग ‘तिविहं तिविहेणं’ करतो: करणार नाही, करवणार नाही, करणाऱ्याला अनुमोदन देणार नाही, मनाने, वाणीने, कायेने. गृहस्थाचे अणुव्रत सामान्यतः ‘दुविहं तिविहेणं’ असते. त्यातून अनुमोदनाचा भाग वगळला आहे. गृहस्थ चारचौघांत राहतो, त्याच्या भोवती इतर माणसे आपापल्या रीतीने जगतात, हे शास्त्रकारांनी ओळखले होते. दुसरे उत्तर इतिहासाचे. ज्या कुमारपालाची अमारी गाजली, त्याच्याच सेनापती आंबडाने कोकणचा शिलाहार राजा मल्लिकार्जुन याला युद्धात मारले. मेरुतुंगाने १३०५ मध्ये पुऱ्या केलेल्या प्रबंधचिंतामणीत ही कथा येते आणि तिचा सूर अभिमानाचा आहे. पुढे कुमारपालानंतर गादीवर आलेल्या अजयपालाने जैन मंदिरे पाडली, असे जैन प्रबंधच सांगतात. राजाज्ञेने आलेले राजाज्ञेबरोबर गेले. आयंबिल गेले नाही, कारण ते कोणी फर्मावलेले नव्हते. न्यायालयाच्या निकालाने एखादा ठराव कायदेशीर ठरतो. त्याने कुणाच्या तोंडून ‘पच्चक्खामि’ निघत नाही. २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने १९८८ च्या ठरावाचा आधार देऊन १५ ऑगस्टला मांसविक्रीची दुकाने बंद ठेवायला सांगितली, तेव्हा इथे वाद पेटला. अशा वादात अहिंसेबद्दल कुणाच्या मनात एक कणही आदर वाढत नाही. उलट शेजाऱ्याच्या नियमाकडे लोक संशयाने पाहू लागतात, आणि ते नुकसान नियम पाळणाऱ्याचे असते.

परंपरेतला एक दाखला इथे फार मोलाचा आहे, आणि तो महाराष्ट्रातला आहे. संवत्सरी, म्हणजे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागण्याचा दिवस, मूळचा भाद्रपद शुद्ध पंचमीचा. कालकाचार्य प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला, आले तेव्हा पंचमीला नगरात इंद्रमहोत्सव होता. सातवाहन राजाने तिथी बदलण्याची विनंती केली. षष्ठीपर्यंत पुढे नेता येत नाही, म्हणून आचार्यांनी ती चतुर्थीला आणली. कथा असे सांगते. नगराचा उत्सव थांबला नाही. आचार्यांनी आपली तिथी एक दिवस अलीकडे घेतली. त्यामुळे मूर्तिपूजक श्वेतांबरांची संवत्सरी आज सहसा गणेश चतुर्थीलाच येते, तर स्थानकवासी बहुधा पंचमी धरतात. डोंबिवलीत किंवा विठ्ठलवाडीत एकाच जिन्यावर एका दाराआड मोदकांचे पाणी उकळत असते आणि समोरच्या दाराआड आठ दिवसांचा उपवास करणारी मुलगी प्रतिक्रमणाच्या प्रायश्चित्तविधीला निघालेली असते. खाली ढोल वाजत असतो. संध्याकाळी तीच मुलगी शेजारच्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत क्षमा मागते आणि दुसऱ्या दिवशी पारण्यानंतर त्यांच्या गणपतीला नमस्कार करून येते.

चातुर्मास दिवाळीनंतर, कार्तिकी पौर्णिमेला संपतो. त्या सुमारास उपाश्रयांतून साधू-साध्वी विहाराला, म्हणजे पायी प्रवासाला, निघतात. त्या सकाळी पालिताण्याला शत्रुंजयाची यात्रा चार महिन्यांनी पुन्हा सुरू होते. ज्यांना तिथे जाता येत नाही, ते इथेच एखाद्या मैदानात किंवा इमारतीच्या आवारात शत्रुंजयाचा रंगवलेला पट टांगतात, त्यापुढे उभे राहून मंदिरांच्या टुका, पायऱ्या, तळी ओळखत मनाने डोंगर चढतात, आणि दर्शन उरकून पुढची लोकल पकडतात.