मानसिक आजाराची गोळी सुरू झाली, पण त्रास वाढल्यासारखा वाटतोय? 'त्याच वाटेनं गेलेला माणूस' इथे का महत्त्वाचा ठरतो

गोळी सुरू होऊन आठ दिवस झालेत. तोंडाला कोरड पडते, दिवसभर झापड येते, हात थरथरतो. आणि ज्या त्रासासाठी औषध सुरू केलं, तो जागच्या जागी आहे. घरातलं कुणीतरी म्हणतं, "गोळ्यांनीच जास्त बिघडलंय, बंद कर." डॉक्टर जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला आणि पुढची तारीख महिन्यानंतरची.

भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या गावात हे चित्र सहज दिसू शकतं. मानसिक आजाराचे उपचार सुटतात ते अनेकदा याच टप्प्यावर. औषध चुकीचं असतं म्हणून नव्हे, तर "हे असंच होतं, थोडं थांब" किंवा "हे थांबण्यासारखं नाही, आजच डॉक्टरांना फोन कर" हे सांगणारं जवळ कुणी नसतं म्हणून.

हे सांगू शकणारा एक माणूस म्हणजे ज्याने स्वतः तीच गोळी गिळली आहे असा. जगभर याला सहकारी आधार म्हणतात. महाराष्ट्रात 'स्वमदत गट' किंवा 'आधारगट' हे शब्द जास्त चालतात.

त्रास आधी आणि गुण नंतर, असं का होतं?

उदासीनता आणि चिंतेसाठी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशी औषधं सर्रास दिली जातात. ती शरीरातल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. पण हे रसायन मेंदूपेक्षा आतड्यांत कितीतरी जास्त असतं. म्हणून पहिल्या दिवसांत मळमळ, पोट बिघडणं, डोकेदुखी, अस्वस्थता येते. मनावरचा परिणाम जाणवायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. थोडक्यात, पहिल्या पंधरवड्याचा हिशोब तोट्याचाच दिसतो. मळमळ, डोकेदुखी बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते. लैंगिक इच्छा कमी होण्यासारखे परिणाम मात्र टिकू शकतात, आणि नवरा-बायकोही त्यावर एकमेकांशी बोलत नाहीत, डॉक्टरांशी तर नाहीच.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारांतली औषधं डोपामिनवर काम करतात. डोपामिन स्नायूंच्या हालचालींनाही लागतं. त्यामुळे अंग आखडणं, हात थरथरणं, चेहरा निर्विकार दिसणं असे परिणाम हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडॉनसारख्या औषधांनी होऊ शकतात. ओलान्झापिनने भूक आणि वजन वाढतं, साखरही वाढू शकते.

यातला एक परिणाम विशेष समजून घ्यायला हवा. डॉक्टरी भाषेत त्याला अकाथिसिया म्हणतात. माणूस एका जागी बसू शकत नाही. पाय सतत हलतात, उठून येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात, आतून प्रचंड घालमेल होते. घरच्यांना वाटतं आजार वाढला. कधी कधी तपासणाऱ्यालाही तसंच वाटतं आणि डोस वाढतो, मग त्रास आणखी वाढतो. खरं तर डोस कमी करून, औषध बदलून किंवा दुसरी गोळी जोडून यावर इलाज होतो. पण त्यासाठी ही घालमेल आजाराची नसून औषधाची असू शकते, हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. ज्याने हे भोगलंय त्याला समोरच्याचे पाय बघूनच शंका येते. "मलाही असंच झालं होतं, डॉक्टरांना नेमकं हेच सांग," एवढं वाक्य पुरतं.

शेतातल्या माणसाचे प्रश्न वेगळे

औषधाच्या माहितीपत्रकात "वाहन किंवा यंत्र चालवू नका" असं छापलेलं असतं. पण रात्रीच्या लाइटीवर विहिरीची मोटर सुरू करायला जाणाऱ्याने काय करायचं? झोप आणणारी गोळी किती वाजता घ्यायची, हा त्याचा खरा प्रश्न असतो. वेळ मागेपुढे करता येते का, हे डॉक्टरांना विचारता येतं; पण विचारायचं असतं हेच अनेकांना माहीत नसतं.

दुसरा प्रश्न उन्हाचा. बायपोलर आजारात दिलं जाणारं लिथियम फार परिणामकारक आहे. पण त्याचं रक्तातलं योग्य प्रमाण आणि घातक प्रमाण यांत अंतर थोडं असतं. मे महिन्यात शेतात घाम गाळला, पाणी कमी पडलं किंवा जुलाब-उलट्या झाल्या, की हे प्रमाण वाढू शकतं. त्यात अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर धोका वाढतो. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात दिवसभर पोती उचलणारा माणूस अंगदुखीची गोळी घेणारच. म्हणून लिथियम घेणाऱ्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळायला हवी. हातांची थरथर एकदम वाढली, चालताना झोक जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं, तर थेट दवाखाना गाठायचा.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही

पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच पुढच्यांच्या मदतीला उभं केलं. व्यसनमुक्तीत हे लोकांनी सहज स्वीकारलं. मानसिक आजारात जास्त वेळ लागला, कारण "वेड्याचं काय ऐकायचं" ही आपली मानसिकता.

ती बदलण्याचं मोठं काम डॉ. जगन्नाथ वाणी यांनी केलं. मूळचे धुळ्याकडचे वाणी कॅनडातल्या कॅलगरीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन म्हणजे 'सा' ही संस्था उभी राहिली. रुग्ण आणि कुटुंबीय एकत्र बसून बोलतात तो स्वमदत गट हा तिच्या कामाचा गाभा. २००४ चा 'देवराई' हा अतुल कुलकर्णी यांचा चित्रपटही याच आजाराविषयी बोलण्याच्या प्रयत्नातला.

या वर्तुळांत दोन सुंदर शब्द रूढ झाले आहेत. आजारी व्यक्ती म्हणजे 'शुभार्थी' आणि तिची काळजी घेणारा 'शुभंकर'. 'पेशंट' म्हटलं की समोर फाइल येते, 'शुभार्थी' म्हटलं की माणूस.

खेड्यांत काय? पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी या केंद्राने 'आत्मीयता' हा प्रयोग आधी नाशिक जिल्ह्यातल्या गावांत केला, मग गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात नेला. यात गावातलेच स्वयंसेवक त्रासात असलेल्यांना ओळखतात, बोलतं करतात आणि गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत पोचवतात. मराठवाड्यात अशी पहिली पायरी म्हणून 'प्रेरणा' प्रकल्पाकडे बघता येईल. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये राज्यातल्या १४ जिल्ह्यांत तो सुरू झाला, त्यात जालना आहे. पण तो समुपदेशनाचा कार्यक्रम. गोळी सुरू झाल्यानंतरची सोबत त्यापुढची.

भोकरदनपासून बुलढाणा जिल्ह्यातला सैलानी दर्गा लांब नाही. मानसिक त्रास असलेल्यांना घेऊन दूरदूरची कुटुंबं तिथे जातात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. तिथे त्यांना निदान आपल्यासारखी दहा कुटुंबं भेटतात, आणि दवाखान्याच्या रांगेत नेमकं तेच मिळत नाही. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना जोडणारा 'दवा-दुवा' उपक्रम चालला, तो याच जाणिवेतून.

आधार कुठे संपतो?

अशा सोबतीमुळे माणसाची उमेद आणि स्वतःवरचा विश्वास वाढतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. लक्षणं किंवा दवाखान्यात भरती होणं कमी होतं का, याबद्दलचे पुरावे तितके पक्के नाहीत. म्हणजे ही सोबत औषधाला पर्याय नाही.

सगळ्यात मोठा धोका चांगल्या मनानेच येतो. "मी अर्धी गोळी केली, मला काही झालं नाही, तूही कर." एकाच आजाराच्या दोन माणसांचं वय, वजन, इतर औषधं, यकृत आणि किडनीची स्थिती वेगळी असते. गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, झोप उडणं आणि काही आठवड्यांनी आजार परतणं, हे सगळं होऊ शकतं. बंद करायचीच असेल तरी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. चांगल्या आधारगटात म्हणूनच साधा नियम असतो: आपला अनुभव सांगायचा, डोस सांगायचा नाही.

काही लक्षणांत तर गप्पांनाही वेळ नसतो. खूप ताप आणि त्यासोबत अंग लाकडासारखं कडक होणं, भान हरपणं. मान किंवा डोळे एका बाजूला वळून अडकणं. अंगभर पुरळ, तोंडात फोड. औषध सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर मरणाचे विचार येणं किंवा वाढणं, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये. यात त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, व्यक्तीला एकटं सोडायचं नाही आणि घरातली फवारणीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायची.

भोकरदनमधून काय करता येईल?

राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत, मराठवाड्यात एकही नाही. जालन्यासाठी नव्या मनोरुग्णालयाला सरकारने मंजुरी दिलेली आहे. तोवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आधार आहे. त्याचं पथक जिल्हा रुग्णालयात आणि ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांत तपासणी करतं, अशी योजना आहे. हा दिवस कोणता, हे भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावातल्या आशाताईंना विचारता येतं. तपासणीच्या त्या दिवशी बाकड्यावर शेजारी बसलेली चार माणसं हाच तालुक्यातला पहिला आधारगट होऊ शकतो. त्याला नोंदणी लागत नाही, हॉल लागत नाही. समुपदेशकाने थोडं लक्ष घातलं तर उत्तम.

मधल्या काळात 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. 'ही गोळी सुरू झाल्यापासून असं होतंय' हे विचारायलाही तो आहे, फक्त संकटासाठी नाही.

आणि एक कायद्याची बाजू. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २२ नुसार, कोणते उपचार देणार आणि त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे, तेही त्याला समजेल अशा भाषेत. पुढच्या तारखेला जाताना कागदावर चारच ओळी लिहून न्या: कोणती गोळी, किती वाजता घेतो, काय त्रास होतो, कधीपासून. लिहिता येत नसेल तर शेजारी बसलेला लिहून देईल.