बालनाट्यातील नेपथ्य
बालनाट्यातील नेपथ्य : परीकथा, राक्षसकथा वा अन्य अद्‌भुत कथा यांवर आधारलेल्या नाटकाची रंगमंचावरील स्थलरचना. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘नेपथ्य’ या शब्दाचा संबंध प्रामुख्याने वेशभूषेशी आहे. दृश्यरचना हा त्याचा अर्थ आधुनिक काळात रूढ झाला. मात्र पर्वत, वाहने इत्यादींच्या कृत्रिम प्रतिकृतींचे ‘पुस्त’ या नावाने तेथे जे विवेचन येते, त्याच्याशी परीकथेच्या नेपथ्याचे नाते अधिक जवळचे म्हणावे लागेल.

संगीत नाटकांच्या काळात राजवाडा, अरण्य, रस्ता यांचे रंगविलेले पडदे वापरीत. बाबूराव पेंटर यांनीही असे पडदे रंगविले. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरी यांचे मधुमंजिरी हे नाटक सादर केले. मुलांची नाटके म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातील किरकोळ करमणूक, ही समजूत त्यानंतर मागे पडू लागली. पुढे मतकरी यांनी स्वतःच्या संस्थेद्वारे अलबत्या गलबत्या, निम्मा शिम्मा राक्षस इ. नाटके रंगभूमीवर आणली.

अशा नेपथ्यात प्रमाणाचा प्रश्न सर्वांत बिकट असतो. पडद्यावर दूरचा किल्ला कितीही कौशल्याने रंगविला, तरी नट त्याच्याजवळ जाऊन उभा राहताच किल्ला त्याच्या कमरेएवढा दिसतो आणि मुले हसतात. म्हणून रंगविलेल्या दृश्यापुढे चौथरा, कुंपण वा झुडपांची रांग ठेवून नटाला दूर राखतात. राक्षस प्रचंड भासावा, यासाठी त्याला उंच करण्यापेक्षा त्याच्या घराचे दार, खुर्ची व पेला लहान करणे सोपे पडते. माणसाचे घर दाखविताना तीच युक्ती उलटी योजतात. विरळ जाळीच्या पडद्यावर समोरून तिरपा प्रकाश टाकल्यास तो भिंतीसारखा घट्ट दिसतो. समोरचा प्रकाश मालवून मागील उजळला, की भिंत विरते व परी प्रकट होते. हिरव्या रंगावर तांबडा प्रकाश पडला, तर तो काळपट दिसतो. चेटकिणीच्या प्रवेशात अरण्य क्षणार्धात भयाण करण्यास एवढे पुरते.

दृश्यबदलासाठी दीर्घ अंधार करणे मात्र टाळावे. लहान प्रेक्षक अंधारात घाबरतात किंवा गलका करतात, आणि उभा राहिलेला भास मोडतो. त्यापेक्षा पात्रांनीच झाड उचलून नेले, तर मुलांना ते मुळीच खटकत नाही. भातुकलीत पाटाची गाडी करणाऱ्या प्रेक्षकाला हे पटवून द्यावे लागत नाही.

दौऱ्यावरील नेपथ्य घडीचे व वजनाने हलके हवे. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत किंवा तालुक्याच्या गावी शाळेच्या सभागृहात प्रयोग असला, तर दृश्ये वर ओढून घेण्याची सोय गृहीत धरता येत नाही. तेथे लाकडी चौकटीवर ताणलेले कापड व दोन-तीन चौथरे यांवरच भिस्त ठेवावी लागते. कापड व कागद चटकन पेट घेत असल्याने त्यांवर अग्निरोधक द्रावणाचा हात द्यावा आणि ती तापलेल्या दिव्यांपासून दूर ठेवावीत; मुले खच्चून भरलेल्या सभागृहात या बाबतीत काटकसर क्षम्य नाही.