आधी ट्रक, मग पाहुणे

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरच्या मेन राज्याचा जवळजवळ नव्वद टक्के भूभाग जंगलाखाली आहे आणि त्यातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे. उत्तरेकडे तर सुमारे 35 लाख एकरांचा, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ चौपट भरेल एवढा पट्टा लाकूड कंपन्या, जुनी जमीनदार घराणी आणि गुंतवणूकदार यांच्यात वाटलेला आहे. तिथे लोक मासेमारीला, शिकारीला, होडी वल्हवायला, तंबू ठोकून राहायला खुशाल जातात. मालकांनी मिळून ‘नॉर्थ मेन वूड्स’ ही ना-नफा संस्था काढली आहे. ती नाक्यावर नाव-गाव लिहून घेते, दिवसाचं आणि मुक्कामाचं शुल्क घेते, तंबूच्या जागा सांभाळते. आपल्याला हे जरा चमत्कारिक वाटेल. जंगल म्हटलं की आपल्याला वनखात्याचं फाटक आठवतं. महाराष्ट्रात 1975 च्या कायद्याने खाजगी वनंही सरकारकडे घेण्यात आली आणि त्यावरून पुढे कित्येक वर्षं खटले चालले. ज्या रानात रोज करवत चालते तिथे सहलीला कोण जाईल आणि मालक तरी का येऊ देईल? पण मेनचं जंगल लोकांना खुलं राहिलं त्याचं मोठं श्रेय या करवतीलाच आहे, असं मला वाटतं.

याचा पहिला पुरावा रस्त्यांचा. पूर्वी तोडलेले ओंडके नद्यांत सोडून गिरण्यांपर्यंत वाहवत नेत. 1971 च्या कायद्याने ही पद्धत बंद करायचं ठरलं आणि 1976 मध्ये केनेबेक नदीतून ओंडक्यांचा शेवटचा लोंढा गेला. नद्या मोकळ्या झाल्या, आणि लाकूड न्यायला कंपन्यांनी जंगलात कच्च्या रस्त्यांचं जाळं विणलं. त्यातला ‘गोल्डन रोड’ मिलिनोकेट या गावापासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर जातो. तो ग्रेट नॉर्दर्न पेपर या कागद कंपनीने बांधला. तंबू घेऊन येणारा पाहुणा याच वाटांवरून तळ्याकाठी पोचतो. हे पूल आणि ही खडी लाकडाच्या पैशावर टिकते, नाक्यावरच्या शुल्कावर नव्हे. म्हणून नियमही रस्ता बांधणाऱ्याचे: सार्वजनिक रस्त्यावर मावणार नाहीत इतके रुंद ट्रक इथे धावतात, त्यांना आधी वाट द्यायची, वळणावर किंवा पुलावर गाडी थांबवायची नाही. नॉर्थ मेन वूड्सच्या हद्दीत सायकलला तर बंदीच आहे. निसर्गात मोकळं फिरायला आलेल्या माणसाला हा जाच वाटतो, पण धुळीच्या लोटात समोरून भरलेला ट्रक येतो तेव्हा त्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. मालकाची बाजू कायद्यानेही सांभाळली आहे. हौसेने आलेला माणूस घसरून पडला तर मालकाने जाणूनबुजून धोका ठेवला नसेल तोवर सहसा त्याच्यावर जबाबदारी येत नाही. शिवाय 1972 पासून वनजमिनीवरचा कर बाजारभावावर न लावता झाडांच्या वाढीच्या हिशोबाने लावून घेता येतो. तळ्याकाठच्या जमिनीला बंगल्याच्या प्लॉटचा कर लागला असता, तर ती विकून कुंपण घालण्याचा मोह कितीसा आवरला असता?

तोडलेल्या जंगलात पाहायचं काय, हा आक्षेप खोटा नाही. 1970 आणि 80 च्या दशकांत स्प्रूसच्या झाडांवर अळीची मोठी साथ आली. मरणारं लाकूड हाती लागावं म्हणून कंपन्यांनी डोंगरच्या डोंगर सपाट केले, आणि नदीकाठी झाडांची एक पट्टी तेवढी राखली. होडीतून जाणाऱ्याला घनदाट अरण्य दिसे, पट्टीमागे खुंटांचं माळरान. या लपवाछपवीचं समर्थन करता येणार नाही, आणि 1989 च्या कायद्याने सरसकट तोडीला मर्यादा घातली ते योग्यच झालं. पण निसर्गाचा हिशोब इतका सरळ नसतो. तोडीनंतर उगवलेल्या दाट, कोवळ्या सूचिपर्णी झाडीत हिमससे वाढले, आणि त्यांच्यावर जगणारा कॅनडा लिंक्स हा रानमांजराच्या कुळातला प्राणी, अलास्का सोडल्यास अमेरिकेत सर्वाधिक संख्येने इथेच आहे. मूस या मोठ्या हरणालाही हाच कोवळा पाला लागतो. तोडीपासून राखलेलं अरण्यही हवंच, पण त्यासाठी शेजारी बॅक्स्टर स्टेट पार्क आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: मालकाच्या मर्जीवरचा प्रवेश मर्जी फिरली की संपतो. तळ्यांपुरता आधार जुना आहे. सतराव्या शतकातल्या वसाहतकालीन हुकुमानुसार दहा एकरांहून मोठी नैसर्गिक तळी सर्वांची मानली जातात आणि तिथवर पडीक जमिनीतून पायी जाता येतं. बाकी सगळं मर्जीचं. रोक्झान क्विंबी या उद्योजिकेने इथे हजारो एकर जंगल जपण्यासाठी घेतलं, आणि शिकार व स्नोमोबाइल बंद केल्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाणारे स्थानिक लोक चिडले. 2016 मध्ये तिथल्या 87,500 एकरांचं राष्ट्रीय स्मारक झालं. फाटक बंद झालं ते तोडणाऱ्याकडून नव्हे, तोड थांबवणाऱ्याकडून. कागद कंपन्यांनी जमिनी विकायला काढल्या तेव्हाही भीती होती ती नवा मालक लाकूड सोडून बंगले विकेल याचीच. यावर टिकाऊ उपाय म्हणजे जमिनीला कायमचं जखडलेलं कायदेशीर बंधन. मूसहेड तलावाच्या परिसरात 2012 मध्ये 3,63,000 एकरांवर असं बंधन आलं: बांधकाम नाही, लाकूडतोड चालेल, लोकांचा प्रवेश राहील. ते जमिनीच्या तेव्हाच्या मालक कंपनीला पर्यटन-निवास बांधू देण्याच्या बदल्यात मिळालं होतं. पुढे जमीन वेअरहाउसर कंपनीकडे गेली आणि 2020 मध्ये बांधकामाची योजना गुंडाळली गेली, तरी बंधन मात्र तसंच कायम राहिलं.