बिस्किटांच्या डब्यातली आजी

दिवाळीची साफसफाई चालली होती. आईने माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात बिस्किटं अर्थातच नव्हती. त्यात होत्या अकरा डीव्हीडी. एकीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : 'आजीची पंच्याहत्तरी, २००६'.

"लाव ना रे जरा," आई म्हणाली.

मी लॅपटॉप उलटा केला, पालटा केला. डिस्क घालायची कुठे? ट्रेच नाही!

तुमच्याही घरी असा एक डबा असणार, पैज लावा. ताईच्या लग्नाची डीव्हीडी, कॉलेजच्या गॅदरिंगची, पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यातल्या फोटोंची. एकेकाळी आपण सगळेच मोठ्या उत्साहाने डिस्क 'राईट' करत होतो. आता त्या वाचायला यंत्रच उरलेलं नाही. म्हणूनच बॉस, डीव्हीडी रायटर ही आजही घेण्यासारखी वस्तू आहे. फक्त घेताना डोकं शाबूत ठेवा.

खिशाला परवडेल असा

लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा, वहीएवढा पातळ एक्स्टर्नल रायटर साधारण दोन-तीन हजारांत येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारलीत तर दोन-चार दुकानांत भाव विचारता येतात. दुकानदार महागडं मॉडेल पुढे करेल. त्याआधी एवढं लक्षात ठेवा.

एक, स्पीडच्या आकड्याला भुलू नका. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. पातळ एक्स्टर्नल रायटर साधारण ८एक्सने लिहितो, म्हणजे पूर्ण डिस्क आठ-दहा मिनिटांत. डेस्कटॉपच्या आतला १६एक्सवाला तेच काम पाच-सहा मिनिटांत करतो. वाचलेल्या चार मिनिटांत चहासुद्धा होत नाही!

दोन, 'यूएसबी ३.०' अशा लेबलसाठी जादा पैसे मोजू नका. या कामाला यूएसबी २.० पुरून उरतं. पण लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल, तर केबल तपासूनच घ्या. आणि रायटर थेट लॅपटॉपलाच जोडा. स्वस्तातल्या हबमधून वीज कमी पडली, की डिस्क मधेच अडकलीच समजा.

तीन, 'प्लस आर' की 'मायनस आर' या जुन्या भांडणात पडू नका. आजचे रायटर दोन्ही घेतात. मात्र खोक्यावर 'एम-डिस्क' लिहिलेलं असेल तर उत्तम. ही डिस्क नेहमीच्या रंगद्रव्यावर लिहीत नाही, दगडासारख्या थरावर कोरते, त्यामुळे ती जास्त टिकावी अशी तिची रचना आहे. ती लिहायला तसा रायटर लागतो, वाचायला मात्र साधाही चालतो.

डिस्कमध्ये मावतं किती?

खोक्यावर लिहिलेलं असतं ४.७ जीबी. विंडोज मात्र ४.३७ दाखवतं. फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी, इतकंच. डबल लेअर डिस्कमध्ये ८.५ जीबी मावतात, पण ती महाग पडते.

आता गणित करा. फोनवर ४के शूटिंग केलंत, तर पंधरा-पंचवीस मिनिटांत एक डिस्क भरते. एक टीबीचा बॅकअप घ्यायचा तर दोनशेहून जास्त डिस्क लागतील! म्हणजे सगळा लॅपटॉप डीव्हीडीवर चढवायचा विचार सोडा, त्यासाठी हार्ड डिस्क घ्या. डीव्हीडीवर ठेवायचं ते निवडक : सगळ्यात जवळचे फोटो, घराची कागदपत्रं, आजीचा व्हिडिओ. एकदा लिहिलेली 'आर' डिस्क चुकून डिलीट होत नाही, व्हायरसही तिला बदलू शकत नाही. हाच तिचा मोठा गुण.

व्हिडिओ प्रोजेक्ट करायचाय?

मामांच्या साठीची फिल्म त्यांच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर चालायला हवी असेल, तर एमपी४ फाइल नुसती कॉपी करून भागेलच असं नाही. 'डीव्हीडी व्हिडिओ' तयार करावी लागते : एमपीईजी-२, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६. 'डीव्हीडी-स्टायलर' हे फुकट सॉफ्टवेअर मेनूसकट ते काम करतं. चित्र टीव्हीवर थोडं मऊ दिसेल, पण मामा रिमोट दाबतील आणि फिल्म सुरू होईल. शेवटी डिस्क 'फायनलाइज' करायला विसरू नका, नाहीतर प्लेअर तिला ओळख दाखवणार नाही.

आजीचं काय झालं?

ऑफिसमधल्या मित्राचा रायटर उसना आणला. आजी पाटावर बसली, आत्याने औक्षणाचं ताट उचललं आणि चित्र गोठलं. आईचा चेहरा बघवेना.

मऊ कापडाने डिस्क मधून कडेकडे पुसली (गोल गोल कधीच पुसू नका). तरी तेच. मग दुसऱ्या मित्राच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये घातली आणि ती चालली! एक ड्राइव्ह हात टेकतो तिथे दुसरा वाचतो, असं होतं. लगेच सगळं हार्ड डिस्कवर उतरवलं. शेवटची सहा मिनिटं मात्र गेली. त्यात आजीने म्हटलेली ओवी होती.

दोष कुणाचा? माझाच. २००६ मध्ये सगळ्यात स्वस्त डिस्क घेतली, सगळ्यात जास्त स्पीडला लिहिली, एकच कॉपी काढली आणि उघडून तपासलीसुद्धा नाही. रायटर चांगला होता, कंजूषी नको तिथे केली.

म्हणून शेवटचं :

- रायटर साधा घ्या, डिस्क चांगल्या कंपनीच्या घ्या.
- मधल्या स्पीडला लिहा आणि 'व्हेरिफाय'वर टिक करा. वेळ जवळजवळ दुप्पट लागेल, लागू दे.
- दोन कॉप्या काढा. एक तुमच्याकडे, एक गावच्या घरी किंवा बहिणीकडे. शिवाय एक हार्ड डिस्कवर.
- डिस्क उभ्या ठेवा, ऊन आणि पावसाळी ओल यांपासून लांब.
- वर्षातून एकदा लावून बघा. दिवाळीचा मुहूर्त काय वाईट?

आणि फार उशीर करू नका. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनी-डीव्ही कॅसेट बनवणं थांबवलं. डीव्हीडी रायटर अजून मिळतोय, पण डब्यातल्या डिस्क आपली वाट बघत थांबणार नाहीत.

या शनिवारी मॉलऐवजी माळ्यावर जा. आणि डिस्क लावाल तेव्हा आईला शेजारी बसवा.